नावडत्या भाजीची गोडी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषणाचा विषय निवडण्याची मुभा मंडळाने आम्हांस दिली, तेव्हा चिटणिसांची अपेक्षा अशी होती की, निवृत्त शिक्षक या नात्याने आम्ही शिक्षणावर चार शब्द बोलावेत. आम्ही 'भाजी' असा विषय कळविला. त्यावर त्यांनी दूरध्वनी करून, 'लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?' असे मोठ्या अदबीने विचारले. चूक झाली नव्हती. त्या विषयाचे कारण गेल्या वर्षी याच सभागृहाच्या मागील अंगणात घडले.

गेल्या संमेलनात भोजनाची देखरेख आमच्याकडे होती. आपल्या मंडळाने पंगतीची प्रथा अद्याप टिकविली आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. पंगती उठल्यावर आम्ही उष्ट्याच्या पिंपांपाशी उभे होतो. पिंपात श्रीखंड नव्हते, पुरी नव्हती, बटाट्याची एक फोडही दिसत नव्हती. मात्र पडवळाची भाजी, कोबीची पचडी आणि अळूचे फतफते यांनी दोन पिंपे काठोकाठ भरली होती. आचारी आमच्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "गुरुजी, पुढल्या वर्षी हिरवी भाजी ठेवूच नका. तेवढाच खर्च वाचेल." बोलणे व्यवहाराचे होते. परंतु ज्या ज्ञातीतील बहुतेक घरांनी दोन पिढ्यांपूर्वी एकवेळच्या अन्नाची भ्रांत पाहिली, तिच्या संमेलनात हे ऐकावे लागावे, याचे वाईट वाटले. ही नासाडी मुलांनी केली असे म्हणावे, तर तसेही नव्हते. वाढप्याने पळी पुढे करताच पानावर आडवा हात धरणाऱ्यांत पिकल्या केसांची मंडळीच अधिक होती, आणि ज्यांना नाही म्हणण्याचा संकोच वाटला त्यांनी वाढून घेऊन टाकले.

आपण सर्वांना दोष देण्याकरिता आम्ही उभे राहिलो आहोत असा गैरसमज नसावा. या बाबतीत आमच्याइतका अट्टल अपराधी या सभागृहात क्वचितच सापडेल. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत आम्ही पडवळ, शिराळे, दुधी, कारले आणि शेपू यांपैकी एकही भाजी आपणहून खाल्ली नव्हती. ती खावयास कसे शिकलो, तेच आज सांगावयाचे आहे.

आमचे बालपण देवरुखच्या बाजूच्या एका खेड्यात गेले. मृगाचा पाऊस पडला की बांधावर टाकळा उगवे, भारंगी आणि फोडशी रानातून येई. श्रावणात परसातील मांडवावर पडवळे आणि शिराळी लोंबत. पडवळ वाकडे होऊ नये म्हणून आमची आजी त्याच्या टोकाला दोऱ्याने लहानसा दगड बांधीत असे, आणि त्या दगडाला झोका देऊन पडवळ तोडल्याबद्दल आम्ही कित्येकदा मार खाल्ला आहे. म्हणजे भाजीची वाण नव्हती. परंतु आपल्याकडे पानात मासळी, मग ती ताजी असो वा सुकी, असली की भाजीकडे कोण पाहतो? आणि मासळी नसली की भाजी ही शिक्षा वाटे.

वडील शिस्तीचे होते. पानात पडलेले संपविल्याशिवाय उठावयाचे नाही, हा त्यांचा दंडक. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना एके दुपारी कारल्याच्या भाजीवरून त्यांनी आम्हांस दिवेलागणीपर्यंत पाटावर बसवून ठेवले. घरातील सर्वांची जेवणे झाली, भांडी घासून झाली, गुरे परत आली, तरी आम्ही पाटावरच. शेवटी डोळे मिटून, पाण्याच्या घोटाबरोबर ती भाजी गिळली, आणि अंगणात जाऊन ओकलो. वडिलांचा हेतू वाईट नव्हता. अन्नाचे मोल त्यांनी पोटाला चिमटा घेऊन जाणले होते. पण त्या दिवसापासून कारल्याचा वास आला तरी आमच्या पोटात ढवळू लागे, आणि कारल्याच्या अपराधाची शिक्षा आम्ही मांडवावरच्या साऱ्या वेलवर्गाला दिली.

पुढे मॅट्रिक झालो, डी.एड. झालो, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, आणि १९८३ साली विवाह झाला. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आमच्या सौभाग्यवतींनी पडवळाची भाजी केली. आम्ही रागावलो नाही, एक शब्दही बोललो नाही. वाटी नुसती बाजूला सारली. तेवढे पुरेसे झाले. त्यानंतर तेहतीस वर्षे आमच्या घरी पडवळ शिजले नाही. बटाटा, वांगी, फ्लॉवर आणि कडधान्ये यांच्या उसळी यांवर संसार झाला. आम्हांस वाटे, आम्ही मोठे समजूतदार पती आहोत. अमुकच कर असा हट्ट आम्ही कधी धरला नव्हता.

मध्यंतरी एक प्रसंग घडला, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. शाळेतील आहाराची योजना १९९५ साली सुरू झाली, तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यास मिळत. पुढे २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न द्यावे असा आदेश दिला, आणि काही काळाने आमच्याही शाळेच्या पडवीत चूल पेटली. खिचडीत भोपळा, गवार, दुधी, जे मिळेल ते पडे. तिसरीतला एक मुलगा भाजीच्या फोडी निवडून ताटाच्या कडेला रांगेने मांडून ठेवी. आम्ही त्याच्यासमोर उभे राहिलो आणि त्या फोडी संपवावयास लावल्या. सलग चार दिवस. पाचव्या दिवशी तो मधल्या सुट्टीत रांगेत आला नाही. विहिरीमागे जाऊन बसला होता. घरून डबा आणण्याची त्याची ऐपत नव्हती. म्हणजे तो उपाशी होता. आम्ही त्याला हाताला धरून आणले. तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही खाता का?"

आमच्या डब्यात त्या दिवशी बटाट्याची काचऱ्यांची भाजी होती.

आम्ही निरुत्तर झालो. खिचडी शिजविणाऱ्या मावशी चुलीपासून हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही जरा बाजूला व्हा. पोरगं माझ्यावर सोडा." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या मुलाला शाळेच्या परसबागेतील भोपळ्याचे फूल कोठे धरले, फळ केवढे झाले, हे पाहून येण्याचे काम दिले. भोपळा काढला त्या दिवशी तो चिरताना त्याला शेजारी बसविले. बी धुऊन वाळत टाकण्याचे कामही त्याचेच. त्या दिवशी त्याने फोडी बाजूला काढल्या नाहीत. खाल्ल्या किती, हे मावशींनी पाहिलेसुद्धा नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले. शिक्षणशास्त्राची पदविका आमच्याकडे होती. विद्या मात्र त्यांच्याकडे होती. एवढे डोळ्यांदेखत घडूनही आम्ही स्वतः मात्र बदललो नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे. दुसऱ्यास शिकविणे सोपे असते.

आता २०१६ सालाकडे वळतो. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात रक्ततपासणीत आम्हांस मधुमेह निघाला. डॉक्टरांनी सांगितले की, भात निम्मा करा आणि अर्धे ताट भाजीने भरा. भाजीतील चोथ्यामुळे रक्तात साखर हळूहळू उतरते. कोणती भाजी, असे विचारता त्यांनी जी नावे उच्चारली ती ऐकून आम्हांस आमच्या वडिलांची आठवण झाली. बटाट्याची गणना भाजीत होते का, असेही आम्ही विचारले. डॉक्टर हसले. पुढे वाचनात आले की, प्रौढ माणसाने दिवसाकाठी फळे व भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम खाव्यात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्या वजनात बटाटा धरत नाहीत. ज्यांचा सारा भरवसा बटाट्यावर आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

तथापि केवळ भीतीने माणूस शिकत नाही. तीन महिने आम्ही औषधासारखी भाजी गिळली, आणि अधिकच विटलो. गणपतीत आमचे मेहुणे आले. त्यांनी आपल्या परसातील चार लांबलचक पडवळे वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी होती. ती पडवळे सौभाग्यवतींच्या हाती देत ते आम्हांस म्हणाले, "भावोजी, मांडवावरचे पहिले पडवळ ताईचे, असा आमच्या घरचा कायदा होता. त्यावरून आम्ही भावंडे भांडत असू." आम्ही चकित झालो. रात्री सौभाग्यवतींना विचारले, "तुला पडवळ आवडते?"

त्या म्हणाल्या, "आवडत होते."

आमची हयात मुलांना व्याकरण शिकविण्यात गेली आहे. काळ चालविणे हा तर आमचा हातखंडा विषय. पण भूतकाळ इतका जड असू शकतो, हे त्या रात्री कळले. अधिक चौकशी करता उमगले की, वर्षातून एक दिवस, ऋषीच्या भाजीत, त्या पडवळ खात असत. ऋषीची भाजी आपल्या घरोघरी होते. बैलाच्या श्रमावाचून पिकलेल्या भाज्या, म्हणजे परसातील अळू, माठ, सुरण, शिराळे, भेंडी, पडवळ, मक्याचे कणीस, सारे एकत्र शिजवावयाचे. त्या दिवशी स्त्रियांचा उपवास, म्हणून आम्ही त्या भाजीकडे कधी डोकावलोही नव्हतो. तेहतीस वर्षांत तेहतीस दिवस, एवढाच त्यांच्या वाट्याला आलेला पडवळाचा हिशेब. भोंडल्याच्या एका गाण्यात सुनेला माहेरी धाडण्यापूर्वी कारल्याचे बी पेरण्यापासून कारल्याची भाजी शिजेपर्यंत थांबवून ठेवतात. ते गाणे आम्ही मुलींकडून शाळेत दरवर्षी बसवून घेत असू. त्यातील सासर आपल्याच घरी आहे, हे मात्र ध्यानात आले नव्हते.

बंधुभगिनींनो, नावड ही खाणाऱ्याची खासगी गोष्ट आहे असे आपण मानतो. पण एकाच्या नावडीने साऱ्या घराचा स्वयंपाक ठरतो, आणि कर्त्या पुरुषाची नावड असेल तर तिला कायद्याचे बळ येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऋषीची भाजी मागून घेतली. एक चमचा. चव आवडली असे म्हटले तर ते असत्य होईल. परंतु ओकारीही आली नाही. त्यानंतर आठवड्यातून दोनदा पडवळ आणावयाचे, त्यांनी आपल्या पद्धतीने करावयाचे, आणि आम्ही दोन घासच खावयाचे, जबरदस्तीने तिसरा घ्यावयाचा नाही, असा करार आम्ही उभयतांनी केला. शाळेच्या हजेरीपटासारखी एक वही केली. तारीख, भाजी, रीत आणि शेरा. पहिला शेरा 'गवताचा वास' असा आहे. चौथ्या खेपेस 'डाळ चांगली' असे लिहिलेले आढळते. सातव्या खेपेस शेराच नाही, कारण त्या दिवशी लिहिण्यासारखे काही वाटले नाही. नववीला 'पुन्हा वाढून घेतली' अशी नोंद आहे.

आमचा हा अनुभव शास्त्रज्ञांच्या निष्कर्षाशी जुळतो, हे पुढे कळले. लीन बर्च या अमेरिकन विदुषींनी लहान मुलांच्या आवडीनिवडींवर १९८० च्या सुमारास पुष्कळ प्रयोग केले. नवा पदार्थ मुलाने एकदा नाकारला म्हणजे तो त्याला आवडत नाही असे नव्हे. आठ-दहा वेळा, क्वचित पंधरा वेळा त्याची थोडी थोडी चव घेतल्यावर बहुतेक मुले तो आपणहून खाऊ लागतात. आपल्या घरी काय घडते? दोन वेळा केले, मुलाने तोंड फिरविले, की 'आमच्या बाळ्याला दुधी मुळीच चालत नाही' असे आई शेजारणीस सांगते, आणि तेही बाळ्याच्या देखत. दहाव्या वेळेपर्यंत कोणी जातच नाही.

जिभेची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. मूल जन्मतः गोडाकडे ओढते आणि कडवटाला तोंड वाकडे करते, कारण रानात कडू वस्तू पुष्कळदा विषारी असते. ही निसर्गाने दिलेली राखण आहे. कडू निघालेला दुधी तर आजही खाऊ नये. त्याचा रस पिऊन माणसे दगावल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत. तो शिजविण्यापूर्वी एक चकती जिभेला लावून पाहण्याची आजीबाईंची पद्धत शहाणपणाची होती. कारले मुळातच कडू, त्याची गोष्ट निराळी. शिवाय सर्वांच्या जिभा सारख्या नसतात. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक भुकटी हाताळीत असता ती हवेत उडाली. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला ती अत्यंत कडू लागली. फॉक्स यांना काहीच लागली नाही. हा फरक आनुवंशिक असल्याचे पुढे ठरले, आणि २००३ साली त्यामागील जनुकही सापडले. कोबी आणि मोहरीच्या वर्गातील भाज्या काहींना इतरांहून अधिक कडवट लागतात, त्याचा याच गोष्टीशी संबंध आहे. तेव्हा कोबी नको म्हणणारे प्रत्येक मूल लबाड असतेच असे नाही.

परंतु जन्मजात नावड म्हणजे आजन्म नावड नव्हे. मिरचीचेच पाहा. कोणत्या बालकाला ती जन्मतः आवडते? आणि तरीही आपल्या ज्ञातीतील एकाही घरी तिच्यावाचून कालवण होत नाही. ती मिरची, तो बटाटा आणि तो टोमॅटो हे तिन्ही पाहुणे अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आले. टोमॅटोला आमच्या आजीने अखेरपर्यंत देव्हाऱ्याच्या नैवेद्यात येऊ दिले नाही. सारा समाज जर परक्या चवी शिकू शकतो, तर घरचे पडवळ शिकावयास अडचण कसली?

आता थोडे स्वयंपाकघराविषयी. तेथे बोलण्याचा आमचा अधिकार अलीकडचा आहे, भगिनींनी क्षमा करावी. वहीवरून आमच्या असे ध्यानात आले की, आपण ज्यांना भाजीचे दोष म्हणतो ते बहुधा शिजविण्याचे दोष असतात. संमेलनांत व लग्नकार्यांत भाजी दोन-दोन तास आधी शिजवून झाकून ठेवतात. कोबी जास्त शिजला की त्यातून गंधकाचा उग्र वास सुटतो, आणि त्या वासाला मुले नाक मुरडतात. तोच कोबी बारीक चिरून, वर लिंबू पिळून, मोहरीची फोडणी देऊन कच्चा वाढला तर गोडसर लागतो. भेंडी धुऊन कोरडी पुसल्यावर चिरावी, झाकण न ठेवता परतावी आणि दोन आमसुले टाकावीत, म्हणजे बुळबुळीत होत नाही. अळू घशाला खाजते ते त्यातील सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे. नीट शिजविले आणि चिंचेचा हात सढळ ठेवला तर तक्रार राहत नाही. शेपूत मुगाची डाळ आणि लसूण घातल्यावर त्याचा दर्प सौम्य होतो. गवारीला ओवा हवा. कडवटपणाला मीठ मारते, हे तर शास्त्रानेही मान्य केले आहे.

पडवळाची रीत मात्र सविस्तर सांगतो, कारण ती सौभाग्यवतींच्या माहेरची आहे. पडवळ कोवळे, बोटाने दाबले असता लवणारे घ्यावे. उभे चिरून आतील गाभा व बिया काढून टाकाव्यात, पातळ चकत्या करून त्यांना मीठ चोळून पाव घटका ठेवाव्यात आणि हलक्या हाताने पिळाव्यात. ज्या गवतासारख्या वासाची आम्हांस किळस होती तो पाण्याबरोबर निघून जातो. नंतर हिंग-मोहरीची फोडणी, पाव किलोस मूठभर भिजविलेली हरभऱ्याची डाळ किंवा मोड आलेल्या वालाच्या डाळिंब्या, आणि झाकणावर पाणी ठेवून वाफ. पडवळ मऊ व्हावे, पण चकतीचा आकार मोडू नये. उतरविताना ओले खोबरे आणि सुपारीएवढा गूळ. आमच्या वाटणीच्या भाजीत गूळ नसतो.

मुलांच्या बाबतीत आमची मते आता ठाम झाली आहेत. पहिले असे की, मूल भुकेले नसेल तर सुगरणही हरते. शाळेतून आल्यावर बिस्किटे आणि तळणीचे पुडे खाऊन रात्री आठ वाजता पानावर बसणारे मूल भाजी कशाला खाईल? दुसरे, 'भाजी संपव, मग आइस्क्रीम देते' हे आमिष बंद करावे. बर्चबाईंच्याच प्रयोगात असे दिसले की, बक्षिसाकरिता खाल्लेला पदार्थ मुलाला पुढे अधिकच नावडता होतो. ज्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू वाईटच असणार, असा त्याचा बिनतोड तर्क असतो. तिसरी गोष्ट सुनांना आणि लेकींना सांगावीशी वाटते. फिलाडेल्फियातील जूली मेनेला यांनी २००१ साली असे दाखविले की, गरोदरपणी किंवा अंगावर पाजत असता ज्या मातांनी नियमाने गाजराचा रस घेतला, त्यांच्या बालकांनी पुढे गाजराच्या चवीचे खाणे कमी कुरकूर करता घेतले. म्हणजे मुलाची पहिली शाळा आईच्या ताटात भरते. पण हे सांगून सारा भार पुन्हा आईवरच टाकावा, असा आमचा हेतू नाही. बाप जे खातो ते मूल पाहत असते. विहिरीमागच्या त्या मुलाचा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जात असतो. सर्वच मुले तो मोठ्याने विचारीत नाहीत, इतकेच.

आमचा नातू डोंबिवलीस असतो. सहा वर्षांचा आहे. हिरवा रंग दिसला की ताट ढकलणारा. त्याच्या सज्जातील कुंडीत गेल्या जूनमध्ये आम्ही दोघांनी मिळून पडवळाच्या चार बिया लावल्या. बियाणे गावचे, मेहुण्यांच्या परसातले. असे घरगुती बी जपणे हे लहान काम नव्हे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणी जतन केल्याबद्दलच २०२० सालची पद्मश्री देण्यात आली. आमच्या चार बियांपैकी एक रुजली. वेलाला दोनच पडवळे धरली, त्यांतले एक कबुतरांनी टोचले. उरलेल्याच्या टोकाला दगड नातवाने बांधला, आणि तो रोज संध्याकाळी मोजपट्टी लावून किती वाढले ते दूरध्वनीवर कळवू लागला. ते शिजले त्या दिवशी त्याने एक चकती खाल्ली, विचार केला आणि म्हणाला, "आजोबा, ठीक आहे." 'छान' म्हणाला नाही. आम्ही त्यावर काहीही बोललो नाही. मावशींची शिकवण होती. त्यानंतर आजवर त्याने पाच वेळा चव घेतली आहे.

आता कार्यकारी मंडळाच्या निर्णयाविषयी. आचाऱ्याच्या सूचनेवर मंडळात बराच खल झाला. खर्च वाचवावा असे म्हणणारे सभासद काही चुकीचे बोलत नव्हते. दोन पिंपे भाजी फेकण्याची लाज त्यांनाही होती. शेवटी असे ठरले की, भाजी रद्द न करता निम्मी करावी, ती पंगत बसण्याच्या अर्धा तास आधीच चुलीवरून उतरवावी, आणि वाढप्यांनी पळीने न वाढता चमच्याने वाढावी. ज्यांस हवी त्यांनी पुन्हा मागून घ्यावी. आज पानात उजवीकडे पडवळ-डाळिंबी आहे. तिचे प्रमाण ज्यांनी आचाऱ्यास सकाळी सहा वाजता उभे राहून सांगितले, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि आमच्याकडे पाहून 'आता पुरे' अशी खूण करीत आहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगून आवरते घेतो. 'कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच' ही म्हण माणसाच्या स्वभावाविषयी असावी. खुद्द कारल्यावर ती थोडी अन्याय करते असे आम्ही लोकांकडून ऐकतो. आम्हांस स्वतःला अद्याप ते जमलेले नाही. पाटावरची ती दुपार मधे येते. वहीत परवा अकरावी नोंद झाली. शेरा असा आहे: 'काचऱ्या कुरकुरीत. अर्धी खाल्ली. वास सोसला.' बारावी येत्या गुरुवारी आहे.

पंगत मांडून तयार असल्याचे वाढप्यांनी कळविले आहे.